दाण्याच्या कुटावर खापर फोडू नका

पत्र:

नमस्कार मॅडम. माझे वडील गेल्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरने गेले. वय 67. आयुष्यात दारूला हात लावला नाही, पूर्ण शाकाहारी, वीस वर्षं डायबेटिस. पोटात पाणी झालं म्हणून दाखवायला नेलं तेव्हा कळलं की सिरॉसिस आहे आणि गाठही आहे. डॉक्टर म्हणाले, फॅटी लिव्हरमधून झालं. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह होते. तेराव्याला एक काका हळूच म्हणाले, "लपून घेत असणार." तेव्हापासून आई फारशी बोलत नाही. त्यात तिला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की शेंगदाण्यात लिव्हरचा कॅन्सर करणारं विष असतं. आमच्याकडे कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळ्यात कूट. तिने दाण्यांचा डबा कामाच्या मावशींना देऊन टाकला आणि सारखं म्हणते, "मीच वाढलं त्यांना."

आता दादाची काळजी. वय 44, हिंजवडीत नोकरी. कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर आलं. वजन 84 किलो, उंची पाच फूट सात इंच. लिव्हरचे एन्झाइम एसजीओटी 48 आणि एसजीपीटी 72, प्लेटलेट 2.1 लाख, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी 6.1. दारू "फक्त वीकेंडला". घाबरून त्याने स्वतःच उपाय सुरू केलेत: सकाळी गुळवेलीचा काढा, त्यावर बिटाचा रस आणि ऑनलाइन मागवलेली लिव्हर डिटॉक्स पावडर. वहिनी मालवणची, तिचे मासे बंद केलेत. काय काय बंद करायचं त्याची यादी द्याल का? कॉफी चालेल का? आणि लोखंडी कढईमुळे लिव्हरमध्ये लोह साठतं हे खरं आहे का?

– एक वाचक, वारजे

उत्तर:

ताई, यादी देईन, पण ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच लहान असेल. आधी आईंचं बोलू.

लिव्हरचा कॅन्सर ठणठणीत लिव्हरमध्ये सहसा होत नाही. आधी वर्षानुवर्षं सूज राहते, सुजेतून व्रण होतात, व्रण वाढत जाऊन लिव्हर निबर होतं. हाच सिरॉसिस. अशा लिव्हरमध्ये पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हा मरतात, आणि या धबडग्यात एखादी पेशी बिघडते. सूज टिकवून ठेवणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत: हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, दारू, आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी. चरबीच्या मागे बहुतेक वेळा डायबेटिस आणि पोटाचा घेर असतो. तुमच्या वडिलांना वीस वर्षं साखर होती, सिरॉसिस होता, बी-सी निगेटिव्ह. हे चित्र इतकं पुरेसं आहे की दुसरा आरोपी शोधायची गरजच पडत नाही. कूट सुटलं. काकांचा आरोपही सुटला. ज्या घरात बाटली कधी आलीच नाही अशा कितीतरी घरांत आज सिरॉसिसचे पेशंट आहेत, पोटविकारतज्ज्ञांना विचारा. काकांना हे कुणीतरी सांगायला हवं, आणि आईंच्या समोर सांगायला हवं. तुम्ही सांगा किंवा दादाला सांगू द्या, पण श्राद्धापर्यंत थांबू नका.

आईंनी वाढलं ते वडिलांनी खाल्लं, हे खरं. पण वीस वर्षांच्या डायबेटिसमध्ये लिव्हरकडे बघायचं असतं, हे परवापर्यंत कुणी कुणाला सांगतच नव्हतं. डोळे तपासायचे, पाय तपासायचे, किडनी तपासायची. लिव्हर मात्र पोटात पाणी होईपर्यंत कुणाच्या गावी नसायचं. त्याचा दोष स्वयंपाकघराकडे जात नाही.

आता दाणे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पूर्ण खोटा नाही, म्हणूनच तो इतका चिकटतो.

1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतल्यावर खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड सापडली आणि पेंडीत सापडली बुरशी, अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. ती जे विष तयार करते ते अफ्लाटॉक्सिन. पुढे सिद्ध झालं की माणसातही ते लिव्हरचा कॅन्सर घडवतं. याबद्दल आता शास्त्रज्ञांत दुमत नाही. आपल्या देशातही याचा भयंकर अनुभव आहे. 1974 मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका लोकांना खावा लागला. दुसरं धान्यच नव्हतं. शंभरहून जास्त माणसं गेली. ती कॅन्सरने गेली नाहीत, थेट विषबाधेने गेली.

म्हणजे दोष बुरशीचा आहे. ती दाण्यावर येते, मक्यावर येते, सुक्या मिरचीवर येते, सुक्या खोबऱ्यावर येते. शिवाय अफ्लाटॉक्सिनचा सगळ्यांत मोठा घात होतो तो हिपॅटायटिस बी असलेल्या माणसावर. 1990च्या दशकात शांघायमधल्या पुरुषांवर झालेल्या अभ्यासात नुसतं अफ्लाटॉक्सिन पोटात गेलेल्यांना लिव्हर कॅन्सरचा धोका साधारण तीन-चार पट होता, नुसता बी असलेल्यांना सात पट, आणि दोन्ही असलेल्यांना साठ पटींच्या आसपास. तुमच्या वडिलांना बी नव्हता. चांगले, कोरडे, निवडलेले दाणे खाणाऱ्या पुणेकराला या आकड्यांनी झोप उडवून घ्यायचं कारण नाही. दाणे विषारी आहेत याची आईंनाही आतून तेवढी खात्री नसणार, नाहीतर डबा मावशींच्या हातात गेला नसता!

मात्र निवडणं महत्त्वाचं आहे, आणि इथे आपल्या आज्यांची सवय विज्ञानाला धरून आहे. अफ्लाटॉक्सिन पोतंभर दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. थोड्याशा खराब दाण्यांत ते भरमसाट असतं आणि बाकीच्यांत जवळजवळ नसतं. म्हणून किलोभर दाणे आणले की ताटात पसरून उजेडात बघायचे. सुरकुतलेले, फुटके, काळपट, साल बदललेले, हिरवट-पिवळी भुकटी लागलेले दाणे बाजूला काढायचे आणि सरळ टाकायचे. पक्ष्यांनाही घालायचे नाहीत, टर्कींचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. भाजून, चोळून, साली पाखडल्या की बरेचसे दाणे दुभंगतात. त्या वेळी दोन दळांच्या मध्ये नजर टाका. बाहेरून गोंडस दिसणाऱ्या दाण्याच्या पोटात करडी-हिरवी लव असू शकते. खाताना कडू लागलेला दाणा पाहुण्यांसमोर असलात तरी थुंकून टाका.

भाजल्याने काम होतं असं अनेकींना वाटतं. होत नाही. बुरशी मरते, विष राहतं. आपल्या कढईत, कुकरमध्ये किंवा तेलात जेवढं तापमान जातं त्याला ते दाद देत नाही. खोबऱ्याच्या वाटीवर आलेली बुरशी पदरानं पुसून, उन्हात ठेवून तीच वाटी भाजून वाटणात घालायची, ही पद्धत चांगल्या चांगल्या घरांत आहे. ती मात्र बंद करा. खोबरं महाग झालंय हे मान्य, पण वाटी टाका.

पावसाळ्यात दाणे थोडे थोडे आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कूट फ्रीजमध्ये. मार्केट यार्डातून वर्षाचं पोतं भरायची पद्धत एकत्र कुटुंबात ठीक होती, चौघांच्या घरात ते पोतं जुलै-ऑगस्टची ओल खात बसतं. खवट वास म्हणजे तेल बिघडलं, कुबट वास म्हणजे ओल लागली. दुसरा वास आला की विचार करायचा नाही, टाकून द्यायचं.

दुधाचंही जाताजाता सांगते. जनावरांनी बुरशीची पेंड खाल्ली की अफ्लाटॉक्सिनचा एक प्रकार दुधात उतरतो. अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेने 2019 मध्ये जाहीर केलेल्या देशव्यापी पाहणीत 5.7 टक्के नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. दूध उकळून तो जात नाही, गाळून जात नाही, गृहिणीने करण्यासारखं त्यात काही नाही. पशुखाद्य सुधारणं हे सरकारचं आणि दूध संघांचं काम. तुम्ही चहा सोडू नका.

डबा परत भरा. पहिल्यांदा आईंना बरोबर बसवून दाणे निवडा आणि त्यांच्याच हातची काकडीची कोशिंबीर करायला लावा. ऐकून हे कदाचित भाबडं वाटेल, पण "तू काही केलं नाहीस" हे दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आता दादा. सोनोग्राफीतली "ग्रेड 2" ही अक्षरं बघून घर हादरतं. ग्रेड म्हणजे चरबी किती दिसली त्याचा अंदाज. लिव्हरमध्ये व्रण किती झालेत हे त्यातून कळत नाही, आणि पुढचं सगळं व्रणांवर ठरतं. त्यासाठी एक साधं गणित आहे, एफआयबी-4 नावाचं. तुम्ही दिलेल्या आकड्यांतून आत्ताच करून दाखवते. वय गुणिले एसजीओटी: 44 × 48 = 2112. खाली प्लेटलेट हजारांत, म्हणजे 210, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. 72 चं वर्गमूळ साधारण 8.5, म्हणून खाली 1785 च्या आसपास. भागाकार 1.2 च्या जवळ येतो. 1.3 च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. 2.67 च्या वर गेला असता तर आज संध्याकाळीच तज्ज्ञांची वेळ घ्या म्हटलं असतं.

म्हणजे दादाचं लिव्हर आज वडिलांच्या लिव्हरच्या जागी नाही, त्यापासून लांब आहे. पण 1.2 म्हणजे काठाच्या जवळच, एन्झाइम वाढलेले, साखर प्री-डायबेटिसमध्ये, आणि घरात वडिलांचा इतिहास. फॅटी लिव्हरचा कल घराण्यात चालतो. त्यामुळे हा आकडा दर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा काढायचा, आणि या वेळी एकदा पोटविकारतज्ज्ञांना भेटून फायब्रोस्कॅन करावा का ते विचारायचं. ती सोनोग्राफीसारखीच न दुखणारी तपासणी आहे, लिव्हर किती निबर झालंय ते सांगते. तुमच्या वडिलांसारखा सिरॉसिस झालेल्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागते, कारण गाठ लहान असताना सापडली तर उपाय बरेच असतात. सिरॉसिस नसतानाही फॅटी लिव्हरमध्ये क्वचित कॅन्सर होतो, पण म्हणून दादाच्या आकड्यांवर दर सहा महिन्यांचा धाक लावून घेऊ नका.

दारूबद्दल मी गोड बोलणार नाही. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाने आहार आणि कॅन्सरवरचं जगभरातलं संशोधन चाळून लिव्हर कॅन्सरला पक्क्या पुराव्यानिशी जबाबदार ठरवलेल्या गोष्टी तीनच आहेत: अफ्लाटॉक्सिन, शरीरावरची जादा चरबी आणि दारू. दारूचा पक्का पुरावा दिवसाला साधारण 45 ग्रॅम अल्कोहोलपासून पुढे मिळतो. आता हा 45 ग्रॅम आपल्या ग्लासात मोजा. साठ मिलिलिटरच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत 40 च्या आसपास. "आम्ही फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांना हा हिशोब कुणी करून दाखवत नाही. शनिवारच्या दोन बाटल्या म्हणजे एका बैठकीत 80 ग्रॅम, चार लार्ज. "फक्त वीकेंड" हा शब्द फसवा आहे, लिव्हर आठवड्याची सरासरी काढत बसत नाही. शिवाय तो पुरावा सगळ्या लोकांवरचा आहे. ज्याच्या लिव्हरमध्ये आधीच चरबी आहे आणि रक्तात साखर वाढलेली, त्याला कमी घे असं मी म्हणणार नाही, बंद कर म्हणेन. बिटाच्या रसाने त्याची भरपाई होत नाही.

रसावरून डिटॉक्सकडे. दादा, हे तुम्हीही वाचा. लिव्हर साफ करायची पावडर नावाची गोष्ट विज्ञानाला माहीत नाही. उलट, ऑनलाइन पावडरींत काय असतं ते डबीवर लिहिलेलं असतंच असं नाही, आणि लिव्हरच्या ओपीडीत हे डबे पिशवीतून घेऊन येणारे रुग्ण डॉक्टरांना चांगले परिचयाचे आहेत. गुळवेलीबद्दल बोललं की माणसं दुखावतात, पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने जोरदार आक्षेप घेतला. त्यानंतर देशातल्या इतर केंद्रांतूनही तशा नोंदी आल्या. वाद आहे म्हणावं तर म्हणा, पण एसजीपीटी 72 असलेल्या माणसाने रोज सकाळी तो वाद स्वतःच्या पोटात घालू नये. काढा बंद, पावडर बंद, सहा ते आठ आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा. हळद वरणात असू द्या. अर्क काढलेल्या हळदीच्या आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र लांब ठेवा, त्यांनीही लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. बीट कोशिंबिरीत खा.

खरं औषध कंटाळवाणं आहे. 84 किलोचे सात-दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो वजन वर्षभरात उतरलं तर लिव्हरमधली चरबीच काय, सूजही कमी होते. दहा टक्क्यांपर्यंत पोचणाऱ्यांत कित्येकांचे व्रणसुद्धा मागे हटतात. इतका परिणाम करणारी गोळी सध्या बाजारात शोधणं अवघड आहे. घाईने, महिन्यात आठ किलो असं करू नये, ते लिव्हरलाच जड जातं. कमरेचा घेर बेंबीजवळ मोजा: आपल्याकडच्या पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर, बायकांसाठी 80 ही रेषा. वजनाच्या काट्यापेक्षा मला ही टेप जास्त खरी वाटते.

कुठून कमी करायचं? दादाचा दिवस तुम्ही लिहिला नाहीत, पण मी ऐकलेले हिंजवडीतले दिवस साधारण सारखेच असतात. सकाळी पोहे, कंपनीच्या बाहेर अमृततुल्य, अकराला पुन्हा, चारला पुन्हा, घरी आल्यावर पुन्हा. कपामागे दोन चमचे साखर धरली तरी चार कपांत आठ चमचे, पस्तीस-चाळीस ग्रॅम, आणि अजून जेवण व्हायचंय. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास ठेवा. नेहमीच्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो, तो बहुतेक सगळा लिव्हरमध्येच जातो आणि जास्त झाला की तिथेच चरबी होऊन बसतो. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, मस्तानी, उसाचा रस, सगळ्यांचं तेच. फळ चावून खाल्लं तर प्रश्न नाही. गुळाचा चहा आरोग्यदायी, ही समजूत कृपया सोडा, लिव्हरला गूळ आणि साखर यात फरक करता येत नाही.

शाकाहारी घरांत दुसरा घोटाळा असतो तो पिठाचा. तीन पोळ्या, वर भात, भाजी बटाट्याची आणि वरण पातळ. प्रथिनं कुठेच नाहीत. आणि उपास! एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स, राजगिऱ्याचा लाडू: उपासाच्या दिवशी सगळ्यांत जास्त स्टार्च. वडिलांच्या घरात हे असेल तर दादाच्या घरातही असणार. भाकरी एक कमी, उसळ दुप्पट, ताक, आणि कोशिंबिरीत कूट आहेच. तुपाचा एक चमचा वरणावर चालेल, तुपात तळणं नको. मिसळ महिन्यातून एकदा खाल्ल्याने कुणाला सिरॉसिस होत नाही. वर तर्री कितीही मागा, फक्त जोडीला तीन पाव आणि शेवटी जिलबी नको. सकाळी वेताळ टेकडी चढली तर उत्तम, जमत नसेल तर जेवणानंतर सोसायटीत चालणं. आठवड्याला दीडशे मिनिटं व्हायला हवीत.

वहिनींचे मासे ताबडतोब चालू करा. माशांवर लिव्हर कॅन्सरचा काहीही आरोप नाही, उलट थोडासा पुरावा त्यांच्या बाजूनेच आहे. बांगडा तळण्यापेक्षा तिखलं बरं, एवढंच. मटणाचा प्रश्न आतड्याच्या कॅन्सरशी जास्त जोडलेला आहे, त्यावर पुन्हा कधीतरी.

कॉफीची बातमी चांगली आहे. कॉफी पिणाऱ्यांत लिव्हर कॅन्सर कमी दिसतो हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॉफीवरचा जुना संशय मागे घेतला, आणि वर नमूद केलेल्या फंडाच्या हिशोबाने रोजच्या एका कपामागे धोका सुमारे 14 टक्क्यांनी कमी असतो. हे निरीक्षणांवरून काढलेलं आहे, कॉफीने कॅन्सर टळतो असं कुणी प्रयोग करून दाखवलेलं नाही. चहाबद्दल असा पुरावा नाही, हे अमृततुल्याच्या गावात लिहिताना मला जरा जड जातंय. दादाला आवडत असेल तर चारातले दोन चहा काढून दोन कॉफी, साखर नाममात्र. पित्त होत असेल, झोप उडत असेल, तर सोडून द्या, औषध म्हणून घशाखाली ढकलायची ती वस्तू नाही.

आणि एक काम आहाराच्या बाहेरचं, पण माझ्या मते या पत्रातलं पहिलं. वडिलांची बी-सी झाली होती, बाकीच्यांची? तुमची, दादाची, आईंची, वहिनींची एकदाच रक्ततपासणी करून घ्या. दूषित पाण्याने येते ती कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, बरी होते आणि सहसा मागे काही ठेवत नाही. लिंबू उतरवून ती बरी झाल्याचं श्रेय ज्याला घ्यायचं तो घेतो. बी आणि सी मात्र रक्तावाटे येतात, बी लैंगिक संबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही. वर्षानुवर्षं एकही लक्षण न देता ते लिव्हर पोखरतात. सी आता तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. बी पूर्ण जात नाही पण औषधांनी ताब्यात राहतो, आणि त्याची लस आहे. तैवानने 1984 मध्ये नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला लिव्हरचा कॅन्सर उतरला. आपल्याकडे ती देशभर नेहमीच्या लसीकरणात आली 2011-12 च्या सुमारास, म्हणजे तुमच्या घरातल्या लहान मुलांनी बहुधा घेतली असेल, कार्डावर बघा. चाळिशीच्या पिढीने बहुधा घेतलेली नाही. तपासणी निगेटिव्ह आली तर तीन डोस घेऊन टाका: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बी-सीची तपासणी आणि औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत, ससूनला चौकशी करा. दादाच्या डिटॉक्स पावडरीच्या एका डब्याचे पैसे इथेच वाचतील.

यादी म्हणाल तर एवढीच: दारू, साखरेची पेयं, काढे-पावडरी, आणि बुरशीचा वास आलेलं काहीही.

राहिली लोखंडी कढई. लोह लिव्हरमध्ये प्रमाणाबाहेर साठलं तर कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं आहे. आफ्रिकेच्या काही भागांत लोखंडी पिंपांत घरगुती बिअर करून वर्षानुवर्षं पिणाऱ्यांत ते दिसलं आहे. काहींना जन्मतःच लोह साठवण्याचा आजार असतो, आपल्याकडे तो दुर्मिळ. मेथीच्या भाजीला आणि पिठल्याला कढई वापरल्याने असं काही होत नाही, आणि आपल्या घरांतल्या बायकांची अडचण नेमकी उलटी असते, हिमोग्लोबिन दहाच्या वर जात नाही. कढई चालू ठेवा. चिंच-गुळाची आमटी तेवढी तिच्यात रात्रभर ठेवू नका, काळी पडते आणि सकाळी कुणी खात नाही.